जुने अंक आणि नवे कर्नेल

आपल्या मंडळाचे १९९० च्या दशकातले अंक युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेले आहेत. आजच्या संगणकावर ते उघडले की मराठीऐवजी रोमन चिन्हांचा सडा दिसतो. म्हणून माझ्या लिनक्स संगणकावर व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने मी एक आभासी संगणक थाटला आणि त्यात जुने विंडोज एक्सपी त्याच्या फाँटसकट नांदते ठेवले. एकदा लिनक्सचे नेहमीचे अद्ययावतीकरण झाले आणि दुसऱ्या दिवशी हा संगणक उघडेना. 'कर्नेल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' एवढाच निरोप!

सगळे पुसून नव्याने मांडावे, असे क्षणभर वाटले. तसे केले नाही हे बरे झाले, कारण बिघाड अंकांत नव्हताच. आभासी संगणकाची डिस्क म्हणजे एक स्वतंत्र फाइल. ती सुरक्षित होती. मी आधी तिची प्रत काढून ठेवली.

आता हे कर्नेल म्हणजे लष्करातले कर्नल नव्हेत! कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. आभासी संगणकाला प्रोसेसरच्या खास सोयी लागतात, आणि त्या थेट वापरण्याची मुभा फक्त गाभ्याला असते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स आपला 'व्हीबॉक्सड्रव्ह' नावाचा एक तुकडा गाभ्यात बसवतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. हे मॉड्यूल त्या त्या कर्नेलच्या मापाने शिवलेले असते. कर्नेल बदलले की जुना अंगरखा बसत नाही. तो पुन्हा शिवावा लागतो.

शिवायचे तर माप हवे. ते 'हेडर्स' नावाच्या पॅकेजमध्ये असते. 'यूनेम -आर' या आज्ञेने चालू कर्नेलची आवृत्ती कळते. हेडर्स नेमके त्याच आवृत्तीचे हवेत. माझ्याकडे ते जुनेच होते. नवे घेतले आणि प्रशासकाच्या अधिकाराने 'व्हीबॉक्सकॉन्फिग' चालवले. मॉड्यूल तयार झाले, पण आत जाईना.

आता अडवणारा होता सिक्युअर बूट. हा दारावरचा पहारेकरी आहे. ओळखीची सही नसलेल्या मॉड्यूलला तो आत सोडत नाही. 'मोकयूटिल' या आज्ञेने तो जागा आहे की नाही ते कळते. पहारेकऱ्याला रजा देता येते, पण मला ते रुचले नाही. मी सहीची स्वतःची किल्ली तयार केली, 'मोकयूटिल'नेच तिची नोंदणी मागितली आणि एक परवलीचा शब्द दिला. संगणक पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो. तिथे तोच शब्द देऊन नोंदणी पक्की करायची. घाईत तो पडदा हुकला तर सारे पुन्हा करावे लागते. मग त्या किल्लीने मॉड्यूलवर सही केली. 'एलएसमॉड'च्या यादीत व्हीबॉक्सड्रव्ह दिसले आणि अंक उघडले.

तातडीचे काम असेल तर संगणक सुरू होतानाच्या यादीतून जुने कर्नेल निवडावे. ते काढून टाकलेले नसेल तर त्याचे मॉड्यूल सहसा जागेवर असते. पुढच्या सोयीसाठी डीकेएमएस ही व्यवस्था ठेवावी. हेडर्स हजर असले की प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ती मॉड्यूल आपणहून शिवून देते.

असो. आभासी संगणक ही अंकांची धर्मशाळा आहे, घर नव्हे. कधीतरी ही दुरुस्तीही चालेनाशी होईल. म्हणून मी रोज रात्री दोन पाने युनिकोडमध्ये उतरवतो आहे. कोणी हातभार लावला तर काम लवकर होईल.