ऑलिव्हचं पान जाड का?

'कारण' आणि 'हेतू' यांत आपण नेहमी गल्लत करतो. आज ती एका पानावर तपासून बघू. पान आहे भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्हचं.

तिथलं हवामान आपल्या उलट. आपल्याकडे पाऊस उबेत येतो. तिथे तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे पाणी असतं तेव्हा थंडी, आणि ऊन भरपूर तेव्हा पाणी नाही. प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड हवा, तर पानाची रंध्रं उघडावी लागतात. पण त्याच दारातून पाण्याची वाफ निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी हे झाड दारं बरीचशी मिटून घेतं. तीही पानाच्या खालच्या बाजूला, चंदेरी लवेखाली असतात.

आता जाडी. चिवट पान घडवायला माल जास्त लागतो. शिवाय जाड पेशीभित्तींतून कार्बन डायऑक्साइड सावकाश झिरपतो. म्हणजे वजनाच्या मानाने कमाई कमीच. मग हे परवडतं कसं? पान टिकतं म्हणून. ऑलिव्हचं पान साधारण दोन-तीन वर्षं जगतं आणि हिवाळ्यातल्या सौम्य दिवसांतही थोडं थोडं कमावतं. २००४ साली 'नेचर'मध्ये १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यातही हाच हिशेब दिसला: स्वस्तात घडलेलं पान झटपट कमावतं नि लवकर गळतं, महागडं पान सावकाश कमावतं नि टिकतं.

इथे आपण पटकन म्हणतो, 'कोरड्या उन्हाळ्यासाठी पान जाड झालं.' जरा थांबू. तिथला कोरडा उन्हाळा सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी स्थिरावला. जाड पानांची झाडं मात्र त्याआधीपासूनच होती. उन्हाळा नंतर आला, आणि ज्यांना तो सोसला ती राहिली. शिवाय त्याच किनाऱ्यावर वाढणारी झुडपी युफोर्बिया उन्हाळ्यात चक्क पानं गाळून बसते. तिचंही भागतंच की!

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नव्हे. पान दुष्काळासाठीच घडलंय असं मानलं, तर वाढत्या उष्णतेत ही रानं सुरक्षितच आहेत असं वाटू लागतं. पण १९९४च्या दुष्काळात स्पेनच्या कॅटलोनियात जाड पानांच्या सदाहरित ओकची रानं जागोजागी वाळली. ज्या हवामानात पान टिकलं, त्याच्या पलीकडची हमी ते देत नाही. एवढं आपण लक्षात ठेवू.