घर घेताना आधी दप्तर, मग विमा



उसाचे बिल हातात पडले की पिंपळनेर, साक्री किंवा धुळ्याला प्लॉट, घर, फ्लॅट घेण्याच्या गोष्टी घरोघर निघतात. ऊसनोंदीसाठी शिवारात फिरताना हल्ली एक प्रश्न कानावर येतो, "साहेब, घराच्या मालकीचा विमा निघतो म्हणे. काढावा का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून चार गोष्टी येथे मांडतो.

हा विमा कशाचा?

आगीचा विमा पुढे घडणाऱ्या नुकसानीसाठी असतो. मालकीहक्काचा विमा, म्हणजे टायटल इन्शुरन्स, मागे घडून गेलेल्या पण खरेदीच्या वेळी न दिसलेल्या दोषासाठी असतो. खोटी सही, दडवलेला वारस, जुने गहाण असे ते दोष. हप्ता बहुधा एकदाच भरायचा. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १८७६ साली अशी पहिली कंपनी निघाली.

गरज का पडते?

खरेदीखत नोंदले म्हणजे मालकी पक्की, असा आपला समज असतो. तसे नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतात, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाहीत. सातबारा आणि फेरफारही, जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे, उलट शाबीत होईपर्यंतच खरे मानायचे. घरपट्टीचा उतारा तर निव्वळ कर आकारणीचा कागद.

समजा, घर वडिलोपार्जित आहे. उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचे नाव. त्याने ते विकले, तुम्ही दोन हंगामांचे पैसे ओतले. पुढे सासरी गेलेली बहीण हिस्सा मागते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि वडील २००५ मध्ये हयात नसले तरी तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. बहिणीचा नोंदणीकृत हक्कसोड लेख नाही, खरेदीखतावर सहीही नाही, मग तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढणार, हे ठरलेलेच.

मग विमा काढावा का?

कंपनी दाव्याचा खर्च आणि ठरलेल्या रकमेपर्यंत भरपाई देईल. घर राहीलच असे नाही. शिवाय आधीपासून माहीत असलेला दोष विम्यात धरत नाहीत. आपल्याकडे असा विमा मुख्यतः मोठ्या बांधकाम प्रकल्पांसाठी निघतो, गावठाणातल्या घरासाठी सहजी मिळत नाही. फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला विचारा, विमा कोणाच्या नावे? बँकेच्या नावे असेल तर तो बँकेचे कर्ज राखतो, तुमचा पैसा नव्हे. रेरा कायदा २०१६ च्या कलम १८ प्रमाणे जमिनीच्या सदोष मालकीमुळे झालेले नुकसान बिल्डरने भरून द्यायचे असते आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही, हेही ध्यानात असू द्या.

आधी हे पाहा

१) साक्रीला किंवा मिळकत ज्या हद्दीत असेल तेथील दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलामार्फत ३० वर्षांचा शोध घ्या. सूची क्रमांक २ च्या नकला काढा.

२) सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि जुने सर्व फेरफार लावून पाहा. वारसनोंदीत मुलींची नावे आहेत का, ते बघा. अज्ञान मुलाचा स्वतंत्र हिस्सा असेल तर पालकाला कोर्टाची परवानगी लागते. ती नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत दावा लावू शकते.

३) 'इतर हक्क' रकाना वाचा. सोसायटीचा बोजा असेल तर आधी बेबाकी दाखला मागा. इकराराची जमीन कर्ज फिटण्यापूर्वी विकली तर सहकार कायदा १९६० च्या कलम ४८ प्रमाणे तो व्यवहार रद्दबातल ठरतो.

४) आपला पश्चिम भाग आदिवासी वस्तीचा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही (महसूल संहिता, कलम ३६-अ). 'साठेखत करू, ताबा घ्या' असे कोणी म्हणाले तर तेथूनच मागे फिरा. कोणताही विमा असा व्यवहार कायदेशीर करीत नाही.

५) प्लॉट असेल तर मंजूर रेखांकन पाहा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विचारा, दप्तरात नसते ते बांधावर कळते.

इतके करूनही शंका उरली, रक्कम मोठी असली आणि विमा तुमच्या नावे मिळत असला, तर अपवाद वाचून जरूर घ्या. दोष उघड दिसत असेल तर विम्याच्या भरवशावर घर घेऊ नका. पीकविमा आहे म्हणून कोणी किडके बेणे लावत नाही. बेणे आधी निवडतो, प्रक्रिया करतो, मगच सरीत टाकतो. घराचेही तसेच.

तरी सभासदांनी इसार देण्यापूर्वीच कागद तपासून घ्यावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी