निलगिरी, म्यूलर आणि तापाचं औषध

निलगिरी हे नाव ऐकलं की गडमुडशिंगीतल्याच काय, साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला वाटतं, हे झाड उटीकडच्या डोंगरातलं. ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं. उटीच्या परिसरात 1843 मध्ये लावलं गेलं आणि त्या डोंगरांचंच नाव त्याला चिकटलं.

या झाडाचा जगभर डंका पिटला फर्डिनांड फॉन म्यूलर या जर्मन माणसाने. भारतात निलगिरी त्यानेच आणली, हा समज मात्र खोटा. 1843 मध्ये हा रोस्टॉकचा पोरगा एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करत होता. 1847 मध्ये कील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून तो बहिणींसह ऑस्ट्रेलियाला गेला. घरात क्षयाने माणसं गेली होती, उबदार हवा हवी होती. 1853 मध्ये तो व्हिक्टोरियाचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. निलगिरीच्या जातींवर त्याने 'युकॅलिप्टोग्राफिया' हा मोठा सचित्र ग्रंथ लिहिला, बिया देशोदेशी पाठवल्या आणि जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याला तेल गाळण्याच्या धंद्यात उतरवलं.

त्या काळी म्यूलरसह बहुतेकांची पक्की समजूत होती की हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो आणि निलगिरीचा वास ती हवा शुद्ध करतो. म्हणून इटलीत, अल्जीरियात पाणथळ जागी निलगिरीची रानं उठली. काही ठिकाणी ताप कमी झालाही, पण त्याचं श्रेय वासाचं नव्हतं. जमीन कोरडी पडली की डासांची पैदास घटते. म्यूलर 1896 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. म्यूलरला यात दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. तेव्हाच्या ज्ञानाशी तो प्रामाणिकच होता.

जमीन सुकवणारं झाड विहिरीचं पाणीही ओढणारच. उटीजवळ ग्लेनमॉर्गनला गवताळ माळावर निलगिरी लावून मोजमाप केलं, तेव्हा पहिल्या दहा वर्षांत ओढ्याचं पाणी सुमारे 16 टक्क्यांनी घटलं. बांधावर निलगिरी लावण्याआधी हा आकडा ध्यानात असावा.

सर्वांत घातक समज तेलाचा. 'झाडपाल्याचंच आहे, चमचाभर पोटात गेलं तर काय होतंय?' पुष्कळ काही होतं. लहान मुलाच्या पोटात थोडं तेल गेलं तरी मूल गुंगीत जातं, झटके येतात, जिवावर बेततं. तान्ह्या बाळाच्या नाकाला तर ते कधीच लावू नये, श्वास अडखळतो. मोठ्या माणसाने वाफाऱ्याच्या पातेल्यात दोन थेंब टाकावेत. चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, पण सर्दीचा विषाणू त्याने मरत नाही. मुलाने चुकून तेल प्यायलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, तेल फुफ्फुसात उतरतं. किती प्यायलं असेल याचा अंदाज घ्या आणि बाटलीसकट तडक दवाखाना गाठा.