निरोगी झाड, चवदार सफरचंद

स्कॅब हा सफरचंदाचा फार त्रासदायक रोग आहे. ‘व्हेंच्युरिया इनइक्वालिस’ या बुरशीमुळे तो होतो. थंड, ओलसर हवेत पानांवर काळपट हिरवे डाग पडतात, फळांवर खपल्या धरतात. काश्मीरमध्ये १९७३ साली या रोगाची मोठी साथ आली होती. तो आटोक्यात ठेवण्यासाठी बागायतदाराला एका हंगामात अनेकदा बुरशीनाशक फवारावे लागते. मग रोगाला दाद न देणारे झाडच का लावू नये?

असे झाड होते. पण त्याचे फळ खाण्याजोगे नव्हते. ‘मॅलस फ्लोरिबंडा’ हे शोभेचे झाड. त्याची फळे जेमतेम वाटाण्याएवढी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील क्रँडल यांनी १९१४ साली त्याचा ‘रोम ब्यूटी’ या खाण्याच्या वाणाशी संकर केला. या संकराच्या पुढच्या पिढीत काही झाडांना स्कॅब होतो, तर काहींना मुळीच होत नाही, हे १९४३ मध्ये हफ यांच्या लक्षात आले. असे सरळ दोन गट पडले की मेंडेलचे वाटाणे आठवावेत. हा गुण जणू एकाच प्रभावी जनुकाने येत होता. त्याला ‘व्हीएफ’ हे नाव मिळाले.

आता प्रतिकारक झाडाचा चांगल्या वाणाशी पुन्हा संकर करायचा. निम्म्या रोपांत हे जनुक उतरते. रोपांवर बुरशीचे बीजाणू फवारले की काही आठवड्यांतच निवड होते. चवीचे तसे नाही. गोडी, आंबटपणा, कुरकुरीतपणा यांमागे अनेक जनुके असतात आणि रोपाला फळ धरायला काही वर्षे लागतात. म्हणूनच या मालिकेतील पहिला वाण ‘प्रायमा’ बाजारात यायला १९७० साल उजाडले. पुढे चेक संशोधकांनी काढलेला ‘टोपाझ’ चवीसाठीही नावाजला गेला.

पण बुरशीही बदलते. एकाच कुलपाची किल्ली तिला कधीतरी सापडतेच. १९८० च्या दशकात जर्मनीत व्हीएफ असलेल्या झाडांवरही स्कॅब दिसला. म्हणून आता डीएनएवरील खुणांच्या मदतीने दोन-तीन प्रतिकारक जनुके एकाच वाणात आणली जातात.

वर्गात एक गणित घालून पाहा: दर संकरात जंगली वाटा सरासरीने निम्मा होतो, तर पाचव्या पिढीत तो किती उरेल? एक बत्तीसांश. प्रत्येक पिढीला सात वर्षे धरली, तर एका चवदार, निरोगी फळामागे किती वर्षांचा धीर लागतो, हे मुलांना आपोआप कळेल.