कुत्रं भुंकलं की आधी मोबाइल बघा! परसबागेत कॅमेरा बसवण्याआधी या गोष्टी तपासा

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत ऊस अगदी घराच्या भिंतीपर्यंत आलेला आहे. उसात बिबट्याला आडोसा मिळतो, पिल्लंही तिथंच होतात. त्यामुळे रात्री कुत्रं भुंकलं किंवा कोंबड्या ओरडल्या की बॅटरी घेऊन बाहेर पळायची आपली सवय आता धोक्याची झाली आहे. मळ्यात, वस्तीवर राहणारी बरीच मंडळी म्हणूनच परसबागेत मोबाइलवर दिसणारा कॅमेरा बसवत आहेत. कॅमेरा बिबट्याला अडवत नाही. पण दार उघडायच्या आधी बाहेर काय आहे ते दाखवतो. त्याचा खरा उपयोग एवढाच आहे आणि तो लहान नाही.

मात्र ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून मागवला आणि पंधरा दिवसांत बंद पडला, असंही बघायला मिळतं. कॅमेरा घेण्याआधी खालच्या गोष्टी बघून घ्या.

वायफायचा की सिमचा?

घरात वायफाय असेल आणि परसबाग भिंतीला लागून असेल, तर वायफायचा कॅमेरा स्वस्तात पडतो. बहुतेक कॅमेरे राऊटरच्या 2.4 गिगाहर्ट्झ नेटवर्कवरच जोडले जातात, 5 गिगाहर्ट्झवर नाही. जोडणी होत नसेल तर आधी हेच तपासा. वायफाय नसेल किंवा बाग लांब असेल तर सिम टाकायचा 4जी कॅमेरा लागतो.

सिम घेण्याआधी मोबाइल घेऊन जिथं कॅमेरा लावायचा नेमक्या त्याच जागी उभं राहा आणि स्पीड टेस्ट करा. आपण सगळे डाऊनलोडचा आकडा बघतो. कॅमेऱ्याला अपलोड लागतो, कारण तो चित्र पाठवतो. अपलोड 2 एमबीपीएसच्या खाली असेल तर चित्र अडकत येणार. शेजाऱ्याकडं दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर तेही त्याच जागी तपासा. ऊस वाढल्यावर रेंज कमी होऊ शकते, म्हणून कॅमेरा उंचावर असलेला बरा.

नेट किती जाईल?

हिशोब सोपा आहे. 1 एमबीपीएसने चालणारा कॅमेरा सलग बघितला तर तासाला साधारण 450 एमबी नेट जातं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो सव्वातीन तासांत संपेल. चोवीस तास बघायचं म्हटलं तर जवळजवळ 11 जीबी लागेल. म्हणून ॲपमध्ये ‘हालचाल झाली तरच सूचना’ अशी सेटिंग ठेवा आणि रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर होऊ द्या. त्याच वेगाने 64 जीबीच्या कार्डात सहा दिवसांच्या आसपास सलग रेकॉर्डिंग राहतं, नंतर जुनं पुसून नवं चढतं. कार्डवर रेकॉर्डिंग करायला नेट लागत नाही.

अमर्यादित 5जी नेटच्या जाहिरातीवर जाऊ नका. कॅमेरा 4जी असेल तर त्याला ती सवलत लागू होत नाही. सिमचा रिचार्ज संपायची तारीख लिहून ठेवा.

लाइट गेली तर?

बिबट्या लाइटची वाट बघत नाही. सिंगल फेजचा भरवसा नसेल तर सोलर पॅनल आणि बॅटरी असलेला कॅमेरा घ्या. पॅनल दक्षिणेकडं तोंड करून, थोडं तिरकं बसवा. आंब्याच्या, नारळाच्या सावलीत लावू नका. महिन्यातून एकदा धूळ पुसा. पावसाळ्यात ढगाळ हवा आठवडाभर राहिली तर बॅटरी उतरू शकते, तेव्हा चार्जरने चार्ज करायची सोय असलेलाच कॅमेरा बघा. खोक्यावर आयपी 65 किंवा आयपी 66 लिहिलेलं असावं, म्हणजे धूळ-पाऊस चालतो.

कुठं आणि कसा लावायचा?

आठ ते दहा फूट उंचीवर, घराच्या भिंतीला किंवा पक्क्या खांबाला लावा. तोंड शक्यतो उत्तरेकडं ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलं तर सकाळ-संध्याकाळ उन्हाने चित्र पांढरं पडतं. बॅटरीच्या कॅमेऱ्यातला सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालतो आणि साधारण आठ-दहा मीटरपर्यंतच नीट पकडतो. जनावर समोरून येण्यापेक्षा आडवं गेलं तर लवकर पकडतो. त्यामुळे उसाच्या बांधाकडून गोठ्याकडं किंवा खुराड्याकडं येणारी वाट आडवी दिसेल असा कोन ठेवा.

कॅमेऱ्याच्या अगदी समोर केळीचं पान, शेवग्याची फांदी नको. रात्री त्याचा प्रकाश पानावरून परत येतो आणि मागचं काही दिसत नाही. पान हललं की खोट्या सूचना येतात, ते वेगळंच. कोळी जाळं करतो, तेही झाडत राहा.

पासवर्ड आणि शेजारी

कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने कंपनीचा पासवर्ड न बदललेले लाखभरापेक्षा जास्त कॅमेरे आणि राऊटर जगभरात ताब्यात घेतले होते. दुकानदाराने कॅमेरा जोडून दिला असेल तर तो त्याच्या मोबाइलमधून काढायला लावा.

शेजाऱ्याचं अंगण, न्हाणीघर, पाणवठा कॅमेऱ्यात येता कामा नये. महिलेचं खासगी प्रसंगी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. लावायच्या आधी शेजाऱ्याला मोबाइलवर दाखवून घ्या, वादच राहत नाही.

बिबट्या दिसला तर

दार उघडू नका. वन विभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा, शेजारच्या वस्त्यांना फोनवर सांगा. व्हिडिओ वन कर्मचाऱ्यांना दाखवा. ग्रुपवर टाकायचाच असेल तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून टाका. जुने व्हिडिओ फिरले की लोक उगाच घाबरतात आणि खरी सूचना आली तरी कुणी मनावर घेत नाही.

आणि कॅमेरा लावला म्हणून गोठा उघडा ठेवू नका. जाळी, बंद दार आणि अंगणात उजेड हे आधी, कॅमेरा त्यानंतर. लहान मुलांना अंधार पडल्यावर परसात एकटं सोडायचं नाही, हा नियम कॅमेरा आल्यावरही तसाच ठेवा.