सक्ती करा, पण आधी खाट दाखवा!

मुंबईच्या रस्त्यावर विम्यावाचून मोटार हाकणे हा गुन्हा आहे. मोटारीखाली एखादा पादचारी सापडलाच, तर त्याच्या नुकसानभरपाईची तजवीज आधी झालेली असावी, हा त्या कायद्याचा हेतू. या सक्तीला जुलूम म्हणणारा मनुष्य आम्हांला अद्याप भेटलेला नाही. मग लालबागच्या चाळीतल्या एका खोलीच्या संसारातील कर्ता पुरुष अंथरुणाला खिळतो, तेव्हा त्या आजाराच्या चाकाखाली कोण सापडते? बायकोचे मंगळसूत्र सावकाराकडे जाते, मुलीचे शिक्षण सुटते, कोकणातला जमिनीचा तुकडा गहाण पडतो. आजार एकट्याचा, पण भुर्दंड साऱ्या घराला! म्हणूनच सरकारने आरोग्यविमा सक्तीचा करावा की काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

अशी सक्ती गिरणगावाला नवीन नाही. गाववाल्यांच्या मंडळांत दरमहा वर्गणी भरावीच लागे, आणि कोणी आजारी पडला वा दगावला की त्याच पैशांतून मदत मिळे. सरकारने हेच तत्त्व पुढे कायद्यात आणले. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली आपला अहवाल सादर केला. त्याच्या पायावर १९४८ चा कामगार विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला आणि १९५४ साली ती मुंबईत आली. पगारातून परस्पर कपात होऊ लागली, तशी परळला कामगारांसाठी गांधी रुग्णालयाची इमारतही उभी राहिली. जुलै २०१९ पासूनचा दर पाहा : शंभर रुपये वेतनामागे कामगाराचा पाऊण रुपया, मालकाचे सव्वातीन रुपये. त्या बदल्यात कुटुंबाला औषधोपचार, आजारपणात ठरावीक दिवस वेतनाचा ७० टक्के हिस्सा आणि बाळंतिणीला पगारी विश्रांती. रांगांविषयी, औषधांच्या तुटवड्याविषयी कामगारांनी तक्रारी पुष्कळ केल्या, आणि त्या रास्तही होत्या. परंतु ही योजना बंद करा, असे गिरणगाव कधी म्हणाले नाही.

या योजनेचे खरे वैगुण्य निराळेच आहे. तिने हक्क माणसाला दिला नाही, नोकरीला दिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर भोंगे एकेक करून थंडावले. वर्षानुवर्षे ज्यांच्या पगारातून कपात झाली, त्यांची वर्गणी थांबली आणि मागोमाग उपचाराचा हक्कही गेला. तोही नेमका अशा वयात, की जेव्हा दमा आणि रक्तदाब दारात येऊन बसतात! आजही २१ हजार रुपयांहून अधिक वेतनावर नव्याने लागणारा नोकरदार या योजनेत येत नाही. गिरगावातील चार घरची धुणीभांडी करणारी मावशी किंवा दादरच्या फुलबाजारातील विक्रेती यांच्यापर्यंत तर ही कपात कधी पोचलीच नाही, आणि तिच्यामागून येणारे संरक्षणही पोचले नाही.

सक्तीला विरोध करणारे म्हणतात, आमच्या पैशांचे काय करावे हे आम्ही ठरवू. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तथापि धट्टाकट्टा तरुण आज वर्गणी भरणार नाही आणि दुखणे आल्यावर विमा मागेल, तर केवळ आजाऱ्यांच्याच खांद्यावर विम्याचा बोजा पडेल आणि तो त्यांना पेलणार नाही. जर्मनीने ही गोष्ट १८८३ साली ओळखली आणि कामगार व मालक दोघांकडून सक्तीने वर्गणी घेतली. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने नागरिकांवर विमा घेण्याची सक्ती केली. त्या सक्तीमागचा दंड २०१९ पासून शून्यावर आला. सर्वांनी ऐपतीप्रमाणे एका सामायिक निधीत वर्गणी भरणे निराळे, आणि विमा कंपनीच्या दारात कायद्याने हात बांधून गिऱ्हाईक उभे करणे निराळे. पहिल्या सक्तीचे आम्ही समर्थक आहोत, दुसरीचे नाही.

महाराष्ट्र सरकारने एक पाऊल पुढे टाकले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२४ मध्ये तिचे संरक्षण शिधापत्रिका असलेल्या सर्व कुटुंबांपर्यंत पोचले व त्याची मर्यादा वर्षाला पाच लाख रुपयांवर गेली. हप्त्याचा भार सरकार सोसते. म्हणजे गरिबाच्या वर्गणीचा प्रश्न बव्हंशी सुटला. मग अडते कोठे? योजना ठरावीक रुग्णालयांची व ठरावीक उपचारांची आहे. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यात बसत नाही. आणि १९२६ साली उघडलेल्या केईएमच्या आवारात, १९४१ पासून चालू असलेल्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर, पथारी पसरून दिवस काढणारी माणसे आजही दिसतात. त्यांच्या खिशात कार्ड असेलही, पण कार्डाने खाट निर्माण होत नाही!

यास्तव आमचे स्पष्ट मत असे आहे की, सक्ती अवश्य करावी, मात्र तिचा क्रम उलटा असावा. पहिली सक्ती सरकारने स्वतःवर करून घ्यावी आणि प्रत्येक वस्तीजवळ दवाखाना, औषधे व खाटा यांची हमी द्यावी. दुसरी सक्ती रुग्णालयांवर व्हावी : योजनेत नाव नोंदवल्यावर दारात आलेल्या रोग्याला परत पाठवता कामा नये. तिसरी सक्ती मालकावर आणि कमावत्या नागरिकावर. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी, ज्याची ऐपत नाही त्याची सरकारने भरावी, आणि हक्क मात्र नोकरी सुटल्यावरही माणसाच्या नावावर राहावा.

गिरणी कामगाराने आपल्या वाट्याची वर्गणी निमूटपणे भरली होती. करार मोडला तो त्याने नव्हे. त्याच्या नातवाच्या पगाराला उद्या हात घालू पाहणाऱ्या सरकारने हा जुना हिशेब आधी ध्यानात घ्यावा.