पोट लहान झालं, हिशेब लांबला

हट्टा (ता. वसमत) येथून एका वाचकाने विचारलंय : ‘मेहुण्यांनी चार वर्षांपूर्वी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. वजन उतरलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या. आता पायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. शुगर नॉर्मल आहे. मग हे काय?’

रक्त न तपासता निदान करण्याचा आगाऊपणा नको. पण पहिला संशय बी-१२ च्या कमतरतेवरच जातो. अंधारात तोल जाणं ही खूण लक्षात घेण्यासारखी. पाऊल कुठे पडतंय याची खबर पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाते आणि बी-१२ अभावी त्या मार्गावरच्या नसांचं आवरण झिजतं. उजेडात डोळे वेळ मारून नेतात. लाइट गेली की पंचाईत.

बी-१२ आणि जठराचं नातं शोधणाऱ्या विल्यम कॅसल यांची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९२० च्या दशकाअखेरीस बॉस्टनमधले हे तरुण डॉक्टर गोमांसाचा अर्धकच्चा खिमा खायचे, तासाभराने तो पोटातून बाहेर काढायचे, उबेत ठेवून पातळ करायचे आणि पर्निशस अॅनिमिया या रक्तक्षयाच्या रुग्णांना नळीवाटे द्यायचे. (रुग्णांना काय सांगत असतील, ते न विचारलेलं बरं.) नुसत्या खिम्याने काही होत नसे, नुसत्या जठररसानेही नाही. दोन्ही एकत्र गेले की आठवडाभरात नव्या लाल पेशी वाढू लागत. म्हणजे जठरातून असं काही स्रवतं, ज्याच्याशिवाय अन्नातलं ते द्रव्य, म्हणजे बी-१२, अंगी लागतच नाही. त्यालाच पुढे ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ म्हणू लागले. या अॅनिमियावर लिव्हर खाऊ घालण्याच्या उपचारासाठी १९३४ चं नोबेल तिघांना मिळालं. कॅसल त्यांत नव्हते. हा अन्यायच झाला, असं माझं मत.

वजन कमी करायच्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकतात. बायपासमध्ये अन्न बहुतेक जठराला वळसा घालून आतड्यात उतरतं. म्हणजे बी-१२ अंगी लागण्याची वाटच अरुंद होते. मग त्रास इतक्या उशिरा का? यकृत म्हणजे बी-१२ ची कणगी. रोज लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम, साठा असतो काही हजार. भर पडायची थांबली तरी भरलेली कणगी काही वर्षं पुरते. तळ दिसेपर्यंत सर्जनकडच्या फेऱ्या बहुधा बंद झालेल्या असतात.

आपल्याकडे तर ही कणगी बहुतेकांची मुळातच भरलेली नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं. भाकरी, पिठलं, ठेचा, वरण यांत ते औषधालाही सापडत नाही. दूध-दही, अंडी, मटण-मासळीतूनच येतं. याज्ञिकांचं हे काम ऑपरेशनच्या जाहिरातींशेजारी छापायला हवं.

ऑपरेशन वाईट, असा याचा अर्थ नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात ऑपरेशन केलेले लठ्ठ रुग्ण न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगले. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी पडणं, पित्ताशयात खडे होणं, स्लीव्हनंतर छातीत जळजळ, हे सगळं हिशेबात धरूनही अनेकांना फायदाच होतो. तक्रार आहे ती किलो मोजणाऱ्या कौतुकाबद्दल. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात होत्या, तेव्हा त्यांचं वजन किती उतरलं याच्या रोज बातम्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्या वारल्या, तोवर कॅमेरे पांगले होते.

आता मेहुण्यांसाठी. अशक्तपणा वाटतो म्हणून नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची झीज मागे चालूच राहते. इंट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी मोठ्या डोसातलं शेकडा एक भाग बी-१२ आतड्यातून आपसूक शिरतं. म्हणून हजार मायक्रोग्रॅमची गोळी चालते. पण नसांचा त्रास सुरू झाला असेल, तर डॉक्टर सहसा इंजेक्शननेच सुरुवात करतात. या आठवड्यातच परभणी किंवा नांदेडला फिजिशियनकडे न्या, ऑपरेशनचे कागद सोबत ठेवा आणि बी-१२ ची तपासणी मागून घ्या. उशीर झाला, तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.